संक्रांतीनंतरचं अंडं

मला दिवस गेले तेव्हा मैसूरला येऊन मला वर्षही झालं नव्हतं, आणि या गावात नेमकं काय चाललंय हे मला कुणी सरळ सांगत नव्हतं. मी बार्शीकडची. आमच्याकडे नको असेल तर नको म्हणतात आणि हवं असेल तर ताट पुढं करतात. इथं सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मैसूरची, घरात मराठीच बोलायची. पण वाक्य सुरू व्हायचं मराठीत आणि संपायचं कन्नडमध्ये, आणि कामाचा शब्द नेमका त्या शेवटच्या टोकाला असायचा. कळलं नाही की मी हो म्हणायचे. असं हो म्हणून मी काय काय कबूल करून बसले होते, देव जाणे.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वाळक्या, तुरुतुरु चालणाऱ्या, गळ्यात तुळशीची माळ. विजयनगरच्या मागच्या बाजूला आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिवणकामाचं दुकान. ब्लाउज आणि शाळेचे गणवेश हे शिवायचे, आत्या चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून हूक लावायच्या, काजं करायच्या. घर विठ्ठलाचं, माळकरी. लग्नाच्या बोलणीतच त्यांनी सांगून टाकलं होतं की आमच्यात मांसमच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. माझे वडील म्हणाले, पोरगी सगळं सोडेल. सोडायचं मला होतं, कबूल त्यांनी केलं. मटणाचं काही वाटलं नाही. अंडं मात्र सुटता सुटेना. माहेरी परसात कोंबड्या होत्या; उकडलेलं अंडं फोडून त्यावर तिखटमीठ भुरभुरलं की माझी सकाळ सुरू व्हायची.

पहिले तीन महिने आत्यांनी माझं पोट कुणाला कळू दिलं नाही. तशी त्यांची रीत. अंगणवाडीची टीचर दारात विचारायला आली, तर आत्यांनी तिला सरळ, "काही नाही," म्हणून परत पाठवलं, आणि मी आत उलट्या करत होते. नंतर तीच टीचर म्हणाली की नोंद लवकर व्हायला हवी होती. का, कशासाठी, ते मला कळलं नाही. मी हो म्हटलं.

सरकार गरीब घरच्या गरोदर बायकांना मदत करतं, एवढं गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. कुठलं सरकार, हे कुणालाच माहीत नव्हतं. एक मदत म्हणे दिल्लीची, पहिल्या बाळाला. एक बेंगळुरूची, रेशनकार्डावर. एक दवाखान्यात बाळंत झालं तरच. एकीसाठी बँकेचं खातं माझ्या नावाचं लागायचं, ते होतं बार्शीला. शेजारीण म्हणाली, आधी आधारवरचा पत्ता बदल. आशा कार्यकर्ती म्हणाली, आधी तायी कार्ड कर. तायी म्हणजे आई. आईचं कार्ड, त्यात सगळ्या तपासण्या लिहितात. शिलाईचं मशीन बंद ठेवून हे माझ्याबरोबर या खिडकीतून त्या खिडकीत फिरले आणि शेवटी एका बाकावर बसून म्हणाले, "जेवढं तुला कळलं, तेवढंच मला पण कळलं." मी त्यांच्याकडे बघितलं. यांना तर कन्नड येत होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची पद्धत. पण हे कार्ड महाराष्ट्रात चालतं की नाही, यावर दोन मतं होती आणि दोन्ही ठाम. मग डॉक्टरांनीच तो प्रश्न मिटवला.

सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरबाई माझ्यासाठी मुद्दाम हिंदीत बोलल्या, म्हणून त्या दिवसांत मला एकच गोष्ट स्वच्छ कळली. माझं रक्त आठाच्याही खाली होतं. दहापर्यंत आलं नाही, तर इथं बाळंतपण करणार नाही, मोठ्या दवाखान्यात पाठवणार. आणि बाळंत होताना जास्त रक्त गेलं, तर मी आणि बाळ, दोघांचंही सांगता येत नाही. रात्रभराचा रेल्वेप्रवास तर बिलकूल नको. लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या मी घेत होते आणि ओकत होते. "खाना खाओ," त्या म्हणाल्या, "आंगनवाड़ी में जाकर रोज़ खाना खाओ."

ही एक मदत तेवढी समजायला सोपी होती. अंगणवाडीत दुपारी जायचं, तिथंच बसून गरम जेवायचं. भात, सांबार, पालेभाजी, पेलाभर दूध, चिक्की, आणि रोज एक उकडलेलं अंडं.

आत्यांना हे मुळीच पटलं नव्हतं. "घरातली चूल विझली काय आमच्या?" त्या यांना म्हणाल्या. "लोक म्हणतील, सुनेला ऊट घालायला पण नाही ह्यांच्यात." ऊट म्हणजे जेवण. पण डॉक्टरांचं बोलणं त्यांनीही ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या चपला घालून दारात उभ्या होत्या. भर दुपारी पोटुशी बाईनं एकटीनं बाहेर पडायचं नसतं, त्यांनी सांगितलं, आणि बाहेर पडलीच तर अंगावर लोखंड हवं. शिंप्याच्या घरात लोखंडाला काय तोटा. शिवताना बोटात घालायचं एक जुनं अंगुस्तान त्यांनी माझ्या पदराच्या टोकाला बांधलं. ते चालताना गुडघ्यावर टकटक आपटायचं.

पहिल्या दिवशी टीचरनं सगळ्या बायकांना वाढलं, माझ्या ताटात अंडं ठेवलं. पांढरं, गरम, वाफाळलेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आत्या शेजारीच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त गळ्यातल्या माळेला बोट लावलं आणि मान हलवली. टीचरनं लगेच दोन्ही हात जोडले, अंडं उचललं आणि त्याच्या जागी मोड आलेले मूग वाढले. मुगांचं माझं काही वाकडं नाही, पण त्या दिवशी ते मला बघवले नाहीत.

ते दिवस नोव्हेंबरचे. गल्लीतले निम्मे पुरुष काळे कपडे घालून, गळ्यात माळ, अनवाणी फिरत होते. काही म्हाताऱ्या बायकाही. मला आधी वाटलं, हे सगळे आमच्यातलेच, फक्त इकडचे माळकरी काळं नेसतात. यांना तसं म्हटलं तर हे पोट धरून हसले. ते डोंगरावरच्या देवाचं व्रत, ते म्हणाले. तेवढे दिवस सगळं घर सोवळ्यात राहतं, देवाला जाऊन आलं की माळ उतरवतात, संक्रांतीनंतर सगळं पहिल्यासारखं. आपली माळ तशी नव्हे, आपली जन्माची. मी म्हटलं, मला काय ठाऊक. खरंच काय ठाऊक असणार होतं.

मूग खात खात संक्रांत आली. इथं तिळगुळाऐवजी तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे एकत्र करून वाटतात. तपासणीत रक्त तसूभरही वाढलं नव्हतं. घरी येताना आत्या रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत की मला जास्त भीती वाटायची.

संक्रांतीच्या सुट्टीनंतर अंगणवाडी उघडली त्या दिवशी टीचर हसत हसत आली आणि माझ्या ताटात अंडं ठेवलं.

मी आत्यांकडे बघितलं. त्यांचा हात माळेपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. टीचर पुढच्या बाईला वाढायला गेली. मी थांबले, पुन्हा बघितलं. नको नाही, बेड नाही, काही नाही. बेड म्हणजे नको, एवढं कन्नड एव्हाना मला येत होतं. मग मला वाटलं, रक्त वाढलं नाही म्हणून आत्यांनीच टीचरला सांगून ठेवलं असणार. तोंडानं सांगायला अवघड, म्हणून अशी सोय केली. माझे डोळे भरून आले. मी ते अंडं दोन घासांत खाल्लं, मीठसुद्धा मागितलं नाही.

त्या दिवसापासून रोज अंडं येऊ लागलं. आणि त्या दिवसापासून घरात काहीबाही बदललं, ज्याचा अर्थ मला लागेना. अंगणवाडीतून परत आलं की आत्या मला दारातच थांबवायच्या, चूळ भरायला लावायच्या आणि तुळशीचं एक पान तोंडात ठेवायच्या. मला वाटलं, तुळशीनं रक्त वाढत असेल. देवाचं पाणी भरणं, नैवेद्याचा भात लावणं ही माझी कामं होती, ती त्यांनी आपल्याकडे घेतली. "तुला ओझं नको," म्हणाल्या. मी म्हटलं, किती माया. एरवी त्याच आत्या मला दोन दोन बादल्या पाणी आणायला सांगायच्या, त्यावर मात्र त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

संध्याकाळी काजं करता करता त्या विचारायच्या, "मत्ते काय खावंसं वाटतं गे?" मत्ते म्हणजे आणखी. विचारताना माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी आता काय मागते म्हणून जीव मुठीत धरलाय. मी म्हणायचे, पेरू. त्या मोठा सुस्कारा सोडायच्या आणि यांना लगेच पेरू आणायला पिटाळायच्या. एकदा मी म्हटलं, काहीतरी झणझणीत. त्यांच्या हातातली सुई थांबली. "झणझणीत म्हणजे कसलं?" ठेचा, मी म्हटलं. सुई पुन्हा चालू झाली.

शेवटी मी यांना विचारलं. म्हटलं, आत्या एवढ्या कडक, मग अंड्याला हो कसं म्हणाल्या.

हे कापडावर खडूनं रेघ मारत होते. थांबले. "अम्मानं कुठं हो म्हटलं? अम्मा म्हणते, तूच मागितलंस. तुला अंड्याचे डोहाळे लागलेत, कोणाला सांगू नको म्हणून मला बजावलं तिनं."

"मी? मी कुणाला मागितलं? मला मागता येतंय का कन्नडमध्ये?"

"मग टीचर का देते?"

"मला वाटलं आत्यांनी सांगितलं."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. कुत्रं कोण ते विचारायला नको. डोहाळे पुरवायचे असतात, नाहीतर पोरगं जन्मभर लाळ गाळतं, म्हणून आत्या गप्प होत्या. आत्यांनी परवानगी दिली म्हणून मी खात होते. आणि टीचर का वाढत होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर काही वेळ असंही वाटलं की हा सरकारचाच नवा नियम असेल. तसे नियम रोज बदलतच होते.

आता काय करायचं, मी विचारलं. उलगडा केला तर अंडं जाणार, हे दोघांनाही कळत होतं. आणि पुढची तपासणी अजून व्हायची होती. हे म्हणाले, "सुम्ने राहा." सुम्ने म्हणजे गुपचूप, उगाच काही न करता. मी राहिले. पण मला ते सोसत नव्हतं. खाताना वाटायचं, आत्या माझ्यासाठी पाप पत्करून बसल्यात आणि तेही चुकीच्या समजुतीवर. न खावं, तर पोटातलं लाथा मारायचं. रोज दुपारी तेच. अंडं घशाखाली उतरायचं आणि मन वर यायचं.

पुढच्या तपासणीत रक्त वाढलं. नंतरच्या तपासणीत आणखी. दहाला थोडंसंच कमी होतं. डॉक्टरबाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या, त्यावर आत्यांनी दोन्ही हातांनी त्यांची अलाबला घेतली. घरी आल्यावर तुळशीचं पान तोंडात गेलंच.

आठवा सरत आला होता. त्या दुपारी उन्हानं अंगणवाडीचा पत्रा तापला होता, बायका कमी होत्या. टीचरनं मला वाढलं, आणि आत्यांसमोर येऊन बसली. तिची नजर आत्यांच्या गळ्याकडे गेली. तिनं विचारलं, माळ अजून उतरवली नाही का, की दुसरं कुठलं व्रत धरलं. हे एवढं मला कन्नडमधूनच कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या हातात अर्धं अंडं होतं.

आत्यांनी सांगितलं. ही त्या देवाची माळ नव्हे. ही विठ्ठलाची, लग्न होऊन आले तेव्हापासून गळ्यात आहे, मेल्यावरच निघायची. संक्रांतीचा आणि हिचा काही संबंध नाही.

टीचरचा चेहरा पडला. नोव्हेंबरात तिनं आत्यांची माळ बघितली, सगळ्यांसारखीच ह्यांच्या घरी पण व्रत आहे, संक्रांतीला सुटेल, असं धरून चालली. म्हणून तोवर मूग. म्हणून नंतर अंडं. इतकी साधी गोष्ट, आणि आम्ही तिघी तीन महिने तिच्याभोवती फिरत होतो. टीचरनं हात जोडले, दोनदा माफी मागितली, आणि माझ्या ताटाकडे हात नेला. "उद्यापासून मूग देते," ती म्हणाली. देवाच्या कामात चूक झाली म्हणून ती बिचारी घाबरली होती.

माझ्या डोळ्यांसमोर त्या थोड्याशा कमी दहाचा आकडा आला. हातातलं अर्धं अंडं खावं की ठेवावं, मला कळेना.

आत्यांनी टीचरचं मनगट धरलं आणि ताटावरून बाजूला केलं. आधी कन्नडमध्ये म्हणाल्या, मग मला कळावं म्हणून असेल, मराठीत.

"माळ माझ्या गळ्यात आहे. तिच्या पोटात नव्हे."

मी उरलेलं अंडं खाल्लं. परत येताना आत्या नेहमीसारख्या पुढं चालत होत्या आणि माझ्या गुडघ्यावर अंगुस्तान टकटकत होतं. दारात त्यांनी मला थांबवलं, चूळ भरायला लावली आणि तुळशीचं पान तोंडात ठेवलं. म्हणजे हेही रक्तासाठी नव्हतं, हे मला तेव्हा कुठं उमगलं.

मुलगी झाली, त्याच दवाखान्यात. रक्त दहाच्या वर गेलं होतं, मोठ्या दवाखान्याची वेळ आली नाही. बाळंतपणानंतरही सहा महिने अंगणवाडीत जेवण मिळतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी हो म्हटलं असेन. बाकीच्या मदतींचं म्हणाल तर काहीतरी एकदा खात्यात आलं. ते दिल्लीचं की बेंगळुरूचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आता मला कन्नड येतं. सांबाराला मीठ कमी आहे असं मी टीचरला तोंडावर सांगते. आणि जसजसं ते येत गेलं, तसतसा एक प्रश्न मला जास्तच कुरतडायला लागला. मला भाषा येत नव्हती, मी गोंधळले, ठीक. पण आत्या मैसूरच्या. त्यांचा जन्म इथला, कन्नड त्यांना मराठीच्या आधी येत असेल. संक्रांतीनंतर अंडं ताटात पडलं, त्याच दिवशी टीचरला एक वाक्य विचारलं असतं, तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. आणि डोहाळ्यांचं म्हणावं, तर मी मागितलं नव्हतं, हे यांनी आमचं बोलणं झालं त्याच आठवड्यात त्यांना सांगून टाकलं होतं. सुम्ने राहा म्हणणारा माणूस स्वतः राहिला नाही, हे मला बाळंतपणानंतर कळलं. म्हणजे कुणी मागितलेलं नाही, कुणी सांगितलेलं नाही, हे ठाऊक असूनही आत्या पुढचे सगळे दिवस शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

परवा अंगणवाडीत मुलगी त्यांच्या मांडीवर होती आणि माझ्या ताटात अंडं होतं, तेव्हा मी विचारलंच. म्हटलं, आत्या, पहिल्याच दिवशी टीचरला का नाही विचारलं.

त्यांनी मुलीच्या झबल्याची सुटलेली नाडी बांधली.

"विचारलं असतं तर नको म्हणावं लागलं असतं गे," त्या म्हणाल्या. "तू जेवत होतीस."

मग त्यांनी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि दूध गार होतंय, लवकर आटप म्हणाल्या.